त्याच जागी

पांड्याने मलमाची नळी कुडाच्या भिंतीवर फेकून मारली.

"परत उठला! त्याच जागी! मग हा मलम लावायचा तरी कशाला?"

त्याच्या लेकीने, रूपीने, नळी उचलून आणली. तिच्या वरच्या ओठाच्या कडेला जांभळट गोल चट्टा सुजून आला होता आणि तसाच एक उजव्या पंजाच्या पाठीवर. आधीचे काळे डाग पुरते विरलेही नव्हते, तोच त्यांच्यावर नवी आग उठली होती. या खेपेला ओठावर फोड आला होता, तोंड आतून सोललं होतं. समोरची पेज निवून गेली तरी तिने घोट घेतला नव्हता.

दिवाळीपासून हे असंच चाललं होतं. तळासरीतल्या एका डॉक्टरने गजकर्ण म्हणून मलम दिलं, दुसऱ्याने अंगातली उष्णता म्हणून सरबत प्यायला सांगितलं. भगताने सुपात तांदूळ टाकून पाहिले, "महिन्यातून एकदाच उठतं ना?" असं विचारलं आणि मान डोलावली. पांड्याने सुकी मासळी बंद केली, साबण बदलला, नवी चादर चक्क जाळून टाकली. डाग हटेना. पाड्यावरच्या बायका रूपीच्या ओठाकडे बघून आपली पोरं जवळ ओढू लागल्या, तेव्हापासून तर त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"कंपनीतलंच हाय हे. तापलेला प्लास्टिक. उद्यापासून जायचा नाय."

"बाकीच्या पोरींना नाय होत, बा."

"म्हणून तुला व्हायलाच पाहिजे काय?"

रूपीने पेजेची वाटी बाजूला सारली. उंबरगावच्या कंपनीत ती प्लास्टिकचे डबे पॅक करायची, अख्खी पाळी उभ्याने. एक खाडा पडला की तिच्या जागी दुसरी मुलगी उभी राहायची. ते काम सुटू नये म्हणून ती काय काय सोसत होती, ते पांड्याला ठाऊक नव्हतं. त्याची बायको पुतळी वारली तेव्हा रूपीचे दुधाचे दात पडत होते. तिची वेणी घालण्यापासून शाळेत नाव घालण्यापर्यंत सगळं त्यानेच केलं होतं, आणि कुणी तिला काही विचारलं तर उत्तरही तोच देत आला होता.

नवा जिल्हा झाला, कचेरी जवळ आली म्हणतात, पण कातडीचा डॉक्टर काही जवळ आला नव्हता. जीपच्या मागच्या फळीवर दाटीवाटीने बसून दोघं कासाच्या सरकारी दवाखान्यात पोचले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी रूपीचा ओठ उजेडाकडे वळवला, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, पंजावरचा चट्टा बोटाने दाबला.

"दर वेळी नेमकं इथंच उठतं?"

"नेमका इथंच," पांड्या म्हणाला.

"कसली गोळी घेतेस का गं?"

"गोली-बिली काय घेत नाय ती. सर्दीची पण नाय."

"मी तिला विचारतेय, बाबा."

"तिचा तोंड सोललाय. तिला बोलता येत नाय."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुम्ही जरा बाहेर बसा."

"मी बाप हाय तिचा."

"म्हणूनच."

बाहेरच्या बाकावर पांड्या धुमसत बसला. पाड्यापासून इथवर आणायचं त्यानं, आणि बाहेर बसायचंही त्यानंच! शेजारच्या म्हातारीने काय झालं म्हणून विचारलं, तर तिच्यावरच खेकसला.

आत बोलावलं तेव्हा टेबलावर गोळ्यांचं अर्धं रिकामं पाकीट होतं.

"दुखण्यावरची साधी गोळी आहे. कंपनीतल्या मुली घेतात, तीच," बाई म्हणाल्या. "पण हिला ती सोसत नाही. पोटात गेली की अंग त्याच जागी पेटतं, आणि दर खेपेला जास्त. प्लास्टिकचा यात काही संबंध नाही. ही गोळी आता कायमची बंद. कुठल्याही दवाखान्यात, मेडिकलमध्ये आधी या गोळीचं नाव घेऊन ही चालत नाही म्हणून सांगायचं. तिच्यासारख्या दुसऱ्या गोळ्याही मनाने घ्यायच्या नाहीत. ताप आला, डोळे लाल झाले, अंगावर फोड पसरले, तर घरी थांबायचं नाही. सरळ इथं यायचं."

पांड्याने पाकीट उचललं. मग रूपीकडे वळला.

"कसला दुखना? कुठं दुखतंय तुला? मला का नाय सांगला?"

रूपीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिने ओढणी पोटावर ओढून घेतली.

"महिन्याच्या महिन्याला, बाबा," बाई हलकेच म्हणाल्या.

पांड्याला पुतळी आठवली. तीही अशीच अधूनमधून घरामागे गुडघे पोटाशी घेऊन बसायची. काही बाधलं असेल, असं समजून तो शेतावर निघून जायचा.

बाई रूपीकडे वळल्या. "दुखणं अंगावर काढायचं नाही. त्यावर वेगळा उपाय करू. मला सांग, कधीपासून दुखतं? कितपत?"

सवयीने पांड्याने तोंड उघडलं. मग मिटलं. टोपी हातात घेऊन तो उठला, बाहेर गेला आणि मागे दार ओढून घेतलं.

म्हातारीने बाकावर सरकून त्याला जागा दिली. दाराआडून रूपीचा आवाज येऊ लागला. सोललेल्या तोंडामुळे अडखळत होता, पण बराच वेळ थांबला नाही.