आठव्या थराची फिल्म

करिष्माने कार्बनच्या कापडाचा सातवा थर गाडीच्या बॉनेटच्या साच्यात अंथरला, थराच्या पाठीला चिकटलेली निळी फिल्म सोलून टेबलावर टाकली आणि कोपऱ्यात अडकलेली हवा अंगठ्याने अशी अलगद बाहेर काढली, की शेजारी उभ्या हौशीरामच्या पोटात दुखायला लागलं.

बावीस वर्षं नवलाख उंबरे गावच्या या कारखान्यात त्याने पत्र्याची बॉनेटं सरळ केली होती. नुसता तळवा फिरवून पोचा सांगणारा माणूस! आता म्हणे गाडी हलकी करायची. पत्र्याच्या बॉनेटचं वजन सोळा किलो, कार्बनचं सात. या नव्या सेक्शनचा मुख्य कोण, ते आज या बॉनेटवरून ठरायचं होतं. हौशीराम, नाहीतर तीन वर्षांमागे कामाला लागलेली ही ठाकरवाडीची पोर. हिचा बाप शिदू हौशीरामच्या खाचरात भात लावायला यायचा. हिच्या हाताखाली राबायचं? जीव गेला तरी नको!

आठवा थर आणायला ती कापड थंड ठेवायच्या फ्रीजकडे वळली. हौशीरामने टेबलावरची एक फिल्म उचलून खिशात कोंबली.

थर आठ, तर फिल्म आठ. एक जरी कमी भरली, तरी ती थरांत राहिली असं धरायचं आणि थर उचकटून बघायचे, कारण तसं बॉनेट भट्टीत गेलं की थर सुटतात. आणि आज कमी भरली, की झालीच हिची फजिती.

शेवटचा थर बसला. कारखान्याच्या मॅनेजर प्रतीक्षा मॅडम केबिनमधून आल्या. करिष्माने फिल्म मोजल्या, पुन्हा मोजल्या, टेबलाखाली पाहिलं.

“भरल्या का?”

आठ म्हणेल, हौशीरामला वाटलं. आजच्या दिवशी त्याने स्वतः आठच म्हटलं असतं.

“सात हायेत, मॅडम. एक आत ऱ्हायली असंल. भट्टीत नका घालू.”

आणि पोरीने सगळी सकाळ घालून बसवलेले थर एकेक करून उचकटले. आठही. फिल्म नव्हतीच. ती खाली वाकून जमीन बघायला लागली, तेव्हा तिची नजर हौशीरामच्या खिशाशी आली. निळं टोक बाहेर डोकावत होतं.

ती उभी राहिली.

“मीच कुटंतरी टाकली असंल. माजीच चूक, मॅडम.”

“अगं, आजच नेमकं? सगळं कापड वाया गेलं.” मॅडम चिडल्याच होत्या. “हौशीरामभाऊ, उद्यापासून सेक्शन तुम्ही बघा.”

मॅडम गेल्यावर ती साचा पुसायला लागली. त्याला राहवेना.

“का न्हाई सांगितलंस?”

“तुमचं काम गेलं असतं, भाऊ.”

एवढंच. मग तिने नव्या कापडाचा पहिला थर अंथरला आणि बाजूला सरून त्याला जागा केली.

“या. हवा कशी काडायची ते दावते. उद्यापास्नं तुमालाच समद्यांना शिकवायचंय.”

हौशीरामने अंगठा टेकवला. हवेचा फुगा सरकला, पण निघाला नाही. तिने तो काढून दिला. सेक्शन त्याचं झालं होतं, आणि तरी त्याला तिचा हेवा वाटत होता; सकाळपेक्षा जास्तच.