नदीबाबाची काठी आणि गरगरणारी पिल्लं

त्या शनिवारी सकाळी अल्डर बेंड गावच्या नदीकाठी मुंगीला शिरायला वाव नव्हता. लोकांनी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, थर्मासमध्ये कॉफी आणली होती, पोरांना खांद्यावर घेतलं होतं. मधोमध टेबलावर काचेची टाकी, आणि टाकीत चिनूक जातीच्या सॅमन माशाची बोटाएवढी दोनशे पिल्लं. ती पोहत नव्हती, स्क्रूसारखी स्वतःभोवती गरगरत होती. दमली की कुशीवर पडायची, तळाला जायची, पुन्हा गरगरायची.

त्या पिल्लांची बादली मीच आणली होती. सव्वीस वर्षं मी इथल्या हॅचरीत सॅमनची अंडी आणि पिल्लं सांभाळतोय. नदीबाबाने ती मागवली होती. मला ती आणायची नव्हती, पण साहेब म्हणाले, "वेन्डेल, मासेमारी बंद असल्याने लोक आधीच चिडलेत. देऊन टाक एक बादली."

नदीबाबा आला. पांढरा अंगरखा, अनवाणी पाय, हातात छातीएवढी, नदीत वाहून आलेल्या लाकडाची काठी. याचं खरं नाव गार्थ पोमरॉय. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा अंगणात बसवायचे गरम पाण्याचे टब विकायचा.

"शास्त्रज्ञ मोजतात," तो मिटल्या डोळ्यांनी म्हणाला, "मी ऐकतो. ही लेकरं आजारी नाहीत. यांना नदीचा विसर पडलाय. मी फक्त आठवण करून देतो."

मग त्याने काठी टाकीत बुडवून सावकाश तीनदा ढवळली आणि प्रवचन सुरू केलं. पाण्याला कान असतात, दगडांना दुःख असतं, सॅमनला मागच्या जन्मीचं आठवतं. तीन तास! दुपारपर्यंत पिल्लं एकेक करून सरळ झाली आणि रांगेत पोहू लागली. बायका रडल्या, पुरुषांनी टोप्या काढल्या. माझ्या बहिणीचा नवरा रस हॅगर्टी हुंदके देत होता. सॅमन धरणाऱ्या स्वतःच्या बोटीवर त्याची वीस वर्षं गेली होती. मासे आटले म्हणून सलग दोन हंगाम मासेमारी बंद होती, आणि बोट धक्क्याला बांधून तो घरात बसला होता.

"बघितलंस?" त्याने माझा दंड धरला. "आता बोल!"

"रस, हा जीवनसत्त्व कमी पडल्याचा आजार आहे. डॉक्टर थियांनी सांगितलं होतं की..."

"गप रे! इथं तरी गप बस!"

थिया लिंडक्विस्ट आमच्याकडच्या माशांच्या डॉक्टर. महिन्यापूर्वी त्यांनी वाचनालयात सभा घेऊन सगळं समजावलं होतं. सभेला अकरा माणसं. त्यातली दोन हीटरच्या उबेसाठी आलेली.

बाईंचं म्हणणं साधं होतं. समुद्रात सॅमनचं खाणं बदललंय. पूर्वी तो चार प्रकारचं खायचा, आता बहुतेक अँकोव्हीच खातो. ही मांदेलीच्या जातीची मासळी, आणि तिच्या अंगातच थायमिन नावाचं जीवनसत्त्व मोडून टाकणारं एक द्रव्य असतं. मग आईच्या अंगात थायमिन कमी, अंड्यात कमी, आणि पिल्लांच्या नसा दुबळ्या. म्हणून ती गरगरतात आणि मरतात. उपाय? पिल्लांच्या पाण्यात थायमिनची पूड, काही तासांत फरक. आणि अंडी घालायला नदीत परतणाऱ्या माद्यांना एक सुई.

त्याच आठवड्यात बाईंनी हॅचरीच्या सगळ्या हौदांत पूड टाकली, पिल्लं सुधारली. नदीबाबाने पुढच्या शनिवारी जाहीर केलं, "चार मैलांवरून माझी कृपा पोचली! हात न लावता!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई त्या गर्दीत मागे उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

इथवर मी सोसलं. पण मग बाबा सुईवर घसरला. "आईला सुई टोचाल, तर नदी लेकरं परत घेईल." मार्चअखेर वसंतात परतणाऱ्या माद्या समुद्रातून नदीत वर येऊ लागल्या आणि आमच्या फाटकाला गर्दीचा वेढा पडला. सगळ्यांच्या पुढे रस. थियाबाईंची औषधांची गाडी बाहेर अडली.

"बाजूला हो, रस."

"का? आधी माझी बोट बांधून ठेवली, आता मासे टोचताय?"

"बोट मासे कमी झाले म्हणून बांधली. ते वाचावेत म्हणूनच तर ही सुई!"

"तो डोळ्यांसमोर मासे बरे करून दाखवतो, वेन्डेल. तुझ्या बाईंनी काय दाखवलं? कागद!"

 आणि ते खरं होतं.

सुई देण्यासाठी पकडलेल्या माद्या हॅचरीच्या तळ्यात फार दिवस ठेवता येत नाहीत, अंडी घालायला वरच्या नदीत सोडाव्याच लागतात. साहेब घाबरले. म्हणाले, "लोक थंड होईपर्यंत सुई बंद." बारा दिवसांत एकसष्ट माद्या मी सुईशिवाय वर सोडल्या. तीन-तीन वर्षं समुद्रात काढून, शेकडो मैल पोहून आलेल्या, हातात न मावणाऱ्या माद्या. त्यांच्या अंड्यांचं काय होणार हे मला ठाऊक होतं, आणि तरी प्रत्येकीला मी याच हातांनी सोडलं. तेराव्या दिवशी मी थियाबाईंना म्हणालो, "बाई, कागद पुरे. काहीतरी दाखवा."

त्या शनिवारी बाई नदीकाठी तीन टाक्या घेऊन आल्या. तिन्हींत पोटाला चिकटलेला अंड्यातला पिवळा बलक आदल्या दिवशीच संपवलेली, औषध न दिलेली, गरगरणारी पिल्लं.

"पोमरॉयसाहेब," त्या मोठ्याने म्हणाल्या, "शक्ती तुमच्या प्रार्थनेत आहे ना?"

"प्रार्थनेत आणि प्रेमात."

"काठीत नाही?"

"काठी म्हणजे नुसतं लाकूड, बाई."

"छान. तुम्ही चार मैलांवरून हौद बरे केलेत, मग चार हातांवरून एक टाकी सहज होईल. पहिल्या टाकीसाठी प्रार्थना करा, काठी न बुडवता. दुसऱ्या टाकीत तुमची काठी बुडवू, पण प्रार्थना नको. तिसरीला कुणीच काही करायचं नाही."

बाबाचा चेहरा उतरला. "श्रद्धेची परीक्षा घ्यायची नसते..."

"घेऊ द्या ना, बाबा!" हे रस म्हणाला. त्याचा पूर्ण विश्वास होता. "यांची तोंडं एकदाची बंद होतील. काठी मी ढवळतो." आणि बाबा काही बोलायच्या आत त्याने भक्तिभावाने काठी त्याच्या हातातून घेतली.

रसने तीनदा ढवळलं. बाबा पहिल्या टाकीसमोर हात जोडून बसला. एक तास गेला. दोन तास. त्याचं प्रवचन वाढत गेलं, आवाज चढत गेला, घाम गळू लागला. पहिल्या टाकीतली पिल्लं गरगरतच होती. तिसरीतलीही. दुसऱ्या टाकीत मात्र एक पिल्लू सरळ झालं, मग पाच, मग पन्नास.

"आई," एक मुलगी म्हणाली, "बाबा चुकीच्या टाकीशी बोलतायत."

कुणी हसलं नाही. रस काठीकडे बघत होता. त्याने ती उलटी केली, टोकाशी नखाने चाचपलं. बारीक भोकं पाडलेलं लाकडाचं एक बूच निघालं. आतल्या पोकळीत कापडी पुरचुंडी, तिच्यात ओली पांढरी पूड. त्याने वास घेतला आणि पुरचुंडी माझ्या नाकाशी धरली. जुन्या यीस्टसारखा तो वास हॅचरीत माझ्या हातांना रोज येतो.

"थायमिन," मी म्हणालो. तेव्हा मला आठवलं, वाचनालयातल्या त्या सभेत शेवटच्या रांगेतल्या एकाने विचारलं होतं, "पुडीचा गुण यायला किती तास लागतात?" टोपी खाली ओढलेला तो माणूस हाच.

थियाबाईंनी आधी उरलेल्या दोन्ही टाक्यांत पूड टाकली, मग लोकांकडे वळल्या. "औषध खरं आहे. प्रार्थना त्याच्या पाठीवर बसून आली होती."

बाबा मोटारीकडे पळत सुटला. मला वाटलं, आता लोक त्याला अडवतील. छे! एक बाई माझ्यावरच खेकसली, "पिल्लं बरी होत होती ना? मग तुमच्या पोटात का दुखलं?" दुसरा म्हणाला, "आज त्याचं मन लागलं नसेल." अर्धी गर्दी खुर्च्या मिटून निघाली. समुद्रात मासळीचं काय बिघडलंय, हे ऐकायला बाईंपाशी वीसेक माणसं उरली.

साहेबांनी सुई पुन्हा सुरू केली, आणि सोमवारी पहाटे रस हॅचरीवर आला. रबरी एप्रन चढवला आणि पहिली मादी दोन्ही हातांनी घट्ट धरली. बाईंनी सुई दिली. दहाव्या मादीला त्याने विचारलं, "आधीच्या किती सुटल्या?"

"एकसष्ट."

"परत पकडता येतील?"

"नाही."

त्याने मान फिरवली.  मी पुढची मादी त्याच्याकडे सरकवली.

रागाने सांगतो, पण मनापासून सांगतो. कुणी तुमच्यासमोर चमत्कार केला तर डोळ्यांवर अविश्वास दाखवू नका. पिल्लं खरंच बरी झाली होती, तुमच्या डोळ्यांनी खोटं पाहिलं नव्हतं. फक्त टाळी वाजवायच्या आधी एवढंच विचारा: मंत्राशिवायची टाकी कुठे आहे? ती दाखवायला जो कचरतो, त्याच्या पाया पडू नका. आणि जो स्वतःहून ती मांडतो, त्याची सभा असेल तेव्हा जरा वेळ काढून जा.