नाव सुचवा म्हणे!

मी एक जुने तळे आहे, मित्रांनो. हल्ली मला 'पाणथळ जागा' असे आदराने म्हणतात. कालपरवापर्यंत हीच माणसे मला डबके म्हणत होती.

वीटभट्टीसाठी माती उपसली, त्या खड्ड्यात माझा जन्म झाला. भट्टी बंद पडली, मालक निघून गेला, मी राहिले. काठाला पाणकणीस वाढले, पाणकोंबड्यांनी घरटी केली. पावसाळ्यात वरच्या वस्तीचे पाणी मी पोटात घेत असे, म्हणून ते खालच्या घरांत शिरले नाही. कुणी आभार मानले? छे! फुटक्या फरश्या, टायर, जुन्या गाद्या आणून माझ्यात टाकल्या. तेही नाक दाबून, जणू वास माझाच!

एका ठेकेदाराने तर मला बुजवून गाड्या लावायला जागा करायचे ठरवले. राडारोड्याचा ट्रक आला, तेव्हा शेजारच्या रोपवाटिकेत काम करणाऱ्या मावशी आडव्या आल्या.

"आत पाणकोंबडीची पिल्लं आहेत. आधी माझ्या अंगावरून घाला गाडी!"

ट्रक मागे गेला. पुढची दोन वर्षे मावशी माझ्यातून टायर ओढून काढत होत्या.

मग इथे निसर्गाचे राखीव क्षेत्र झाले आणि फलक लागला : 'या तळ्याला नाव सुचवा.' चिठ्ठ्यांनी पेटी भरली. कुणी 'हंससरोवर' लिहिले. हंस मी जन्मात पाहिलेला नाही. एकाने होणाऱ्या बायकोचे नाव लिहिले आणि पुढच्याच आठवड्यात चिठ्ठी परत मागायला आला. नाव ठरवणाऱ्या समितीचा अध्यक्ष कोण, तर तोच ठेकेदार! त्याला स्वतःच्या वडिलांचे नाव द्यायचे होते.

सभेत तो हसत म्हणाला, "मावशी, तुम्हीही ठेवा की एखादं नाव!"

"मी कशाला? इतकी वर्षं तुम्हीच नावं ठेवत आलात त्याला."

सभा खो खो हसली. अध्यक्षांचे कान लाल झाले. शाळेतल्या बाईंनी विचारले, "पण मावशी, इकडे येताना घरी काय सांगता?"

"पिल्लांकडे जाऊन येते म्हणते."

भराभर हात वर झाले. फलकावर 'पिल्लांचं तळं' असे लागले.

उद्घाटनाला टाळ्या झाल्या, फोटो निघाले. पाहुणे गेल्यावर माझ्यावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तरंगत होत्या. पहिली अध्यक्षांनीच भिरकावली होती. मावशी पदर खोचून आत उतरल्या. वर उभे असलेले लोक म्हणाले, "शी! किती घाण!"

मित्रांनो, माझे कौतुक करू नका, ते मला पचत नाही. माझ्यात काही टाकू नका, एवढेच पुरे. आणि टाकले असेलच, तर चपला काढा, आत या, उचला. पाणी गुडघ्याएवढेच आहे. बुडणार नाही तुम्ही. फार तर पाय मळतील.