रेटिना म्हणजे जाळे

दुपारच्या उन्हात जाळ्याची सावली त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडायची आणि हात हलला की तीही हलायची, ओहोटीच्या पाण्यासारखी, आवाज न करता. वसईच्या किनाऱ्यावर लोकांची फाटलेली जाळी सांधण्यात माझ्या नवऱ्याचं आयुष्य गेलं. डावा डोळा लहानपणीच गेलेला. सगळं जग उजव्यावर उभं होतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांना जाळ्यावर काळे धागे दिसू लागले. ते बोटांनी वेचायचे, झटकायचे आणि मला हाक मारायचे, “गो, यावर बसून केस विंचरलेस काय?” मीही वाकून शोधायची. जाळं स्वच्छ असायचं. धागे डोळ्याच्या आत तरंगत होते, हे माणिकपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं तोवर रेटिना, डोळ्याच्या आतला पडदा, सुटला होता.

ऑपरेशन झालं. डोळ्यात वायू भरून त्यांना पालथं निजवलं. वायू विरेल तेव्हाच कळेल, दिसतंय की नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवसांत घर विझलेल्या चुलीसारखं होतं. मी भात शिजवत होते, कपडे वाळत घालत होते. आपण वाट बघतोय असंही वाटत नव्हतं.

आजाऱ्यांना घरोघरी कम्युनियनचा प्रसाद देत फिरणारे आमचे म्हातारे फादर आले. आजाराचं नाव ऐकून खुर्चीत जरा थांबले. म्हणाले, “लॅटिनमध्ये रेते म्हणजे जाळं. त्यावरून रेटिना. त्याआधी अरबी वैद्यही डोळ्यातल्या त्या पडद्याला जाळ्याचंच नाव द्यायचे.”

उशीत तोंड खुपसलेला माझा माणूस हसला. “मंग फादर, डॉक्टरनी कवा जालं विनलंय काय? सुई माझ्याकडं द्यायची व्हती!”

फादर खळखळून हसले. मी चहा ठेवायला आत गेले. कुठल्या दूरच्या देशातल्या माणसांनी डोळ्यात डोकावून आमच्या घरचं काम पाहिलं होतं. मला आनंद झाला नाही, दुःखही नाही. आधण उकळत राहिलं.

पुढे वायू विरल्यावर एका सकाळी ते अंथरुणात उठून बसले.

“खिरकी उघर ना गो.”

खिडकी उघडीच होती. ऊन त्यांच्या तोंडावर आलं होतं. थोड्या वेळानं त्यांनी गालावर हात ठेवला, उन्हाची ऊब चाचपली आणि मान खाली घातली.

आम्ही ऑपरेशनला निघालो त्या दिवसाच्या वयाचीच मी आता त्यांच्या आठवणीत राहणार; यापुढचं माझं म्हातारपण मला एकटीलाच बघायचं आहे.