करपलं बूड

"हात नका लावू, मिस आयसी. मांडणी बिघडेल." मॅनेजर लँगफोर्डने तिच्या हातातली बरणी काढून घेतली, रुमालाने पुसली आणि परत टेबलावर ठेवली.

आयसिल्डा पिनॉकने दात आवळले. आज काही झालं तरी तोंड उघडायचं नाही, असं ठरवूनच ती डोंगरावरून उतरली होती. शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता, राजधानी किंग्स्टनहून अधिकारी आले होते, आणि टेबलावरच्या चोवीस बरण्यांत गांजाच्या काळ्याभोर कळ्या मांडल्या होत्या. बरण्यांवर सोनेरी अक्षरांत 'एबनी क्राउन' असं छापलेलं.

डोंगरात त्या झाडाला असल्या नावाने कुणी ओळखत नसे. तिथे ते 'करपलं बूड'. भात चुलीवर विसरला की पातेल्याच्या तळाला जो रंग येतो, तो त्याचा रंग. हे झाड आयसीने घडवलं होतं. आईच्या वेळचं उंच, हडकुळं, माणसाला हसत सुटायला लावणारं गावठी झाड एकीकडे, आणि एका खलाशाने रमच्या बाटलीवर देऊन टाकलेलं बुटकं, रुंद पानांचं परदेशी बी दुसरीकडे. दोघांचं लग्न लावून नऊ वर्षं ती नको ती रोपं उपटत राहिली. शेवटी हे हाती लागलं: कमरेएवढं, दणकट, डिसेंबरचा गारठा पडला की पानं वांग्याच्या रंगाची आणि कळ्या त्याहून काळ्या. वास पिमेंटोच्या मसाल्याचा आणि फार पिकलेल्या पेरूचा. ओढला की आधी जीभ सैल होते आणि अर्ध्या तासाने गुडघे. पोलिसांनी तीनदा तिचं रान जाळलं, नवऱ्याला दीड वर्ष आत टाकलं, तरी बी तिने पावडरच्या डब्यात जपून ठेवलं. मग कायदा बदलला, परवाने निघाले, आणि परवाना मिळाला लँगफोर्डच्या कंपनीला. आयसी स्वतःच्याच झाडावर मजूर म्हणून लागली.

मात्र आज वाणाची सरकारी नोंद व्हायची होती. 'मूळ उत्पादक' या रकान्यात तुमचंच नाव घालू, असा शब्द लँगफोर्डने दिला होता. तासाभराचा प्रश्न होता.

"मर्डेला," ती शेजारी उभ्या बाईच्या कानाशी लागली, "वास आला का गं तुला?"

मर्डेला वीस वर्षं तिच्या मांडीला मांडी लावून कळ्या छाटत आलेली. "आला. ओल्या पोत्याचा."

"मग?"

"मग काय? नाक दाबून उभी राहा. आधी तुझं नाव लागू दे, मग बघू."

करपल्या बुडात एक खोड होती. कळी गाठीसारखी घट्ट, त्यामुळे ओल आत देठाशी अडकते आणि बुरशी आतून धरते. हिरव्या मालावर ती लगेच दिसते. काळ्यावर शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून डोंगरात रिवाज होता, काळा माल अख्खा विकायचा नाही. गिऱ्हाइकासमोर प्रत्येक कळी मोडून दाखवायची. न मोडता देणाऱ्याकडे दुसऱ्यांदा कुणी फिरकत नसे. आयसीने लँगफोर्डला हे दहादा सांगितलं होतं. चौदा दिवस सावलीत टांगा, मग मोडून बघा. त्याने यंत्रात चार दिवसांत वाळवला आणि वर म्हणाला, "मोडलेला माल बरणीत दरिद्री दिसतो, मिस आयसी."

परीक्षक ब्रदर एनोक टेबलाशी आले. पांढऱ्या जटा छातीवर, हातात भिंग. ते समुद्राकाठचे, आयुष्य हिरव्या गांजात गेलेलं. त्यांनी एक कळी उजेडात धरून फिरवली.

"राजस आहे," ते म्हणाले. "आजवर असा रंग पाहिला नाही. ही मालाची तुकडी जाणार कुठे?"

"उद्याच इस्पितळात," लँगफोर्डने छाती फुगवली. "कॅन्सरच्या पेशंटांसाठी. नळीतून ओढायला देतात."

आयसीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधीच पोखरलेली ती माणसं हे छातीत ओढणार! मर्डेलाने तिचं मनगट घट्ट धरलं. समोर नोंदणी अधिकारी वही उघडून बसला होता. तो रकाना अजून कोरा होता. या नावासाठी तिने काय काय गिळलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक. आणखी दहा मिनिटं गिळता आलं असतं. तिला स्वतःचाच संताप आला, कारण क्षणभर तिने तसा विचार केला होता.

तिने मनगट सोडवून घेतलं, सर्वांत मोठी कळी उचलली आणि अंगठ्याने मधोमध मोडली.

आतून राखाडी कापूस बाहेर आला. बारीक धूळ उडाली. ब्रदर एनोक दोन पावलं मागे सरले.

"ब्रदर, असलं छातीत गेलं तर माणूस आजाराच्या आधी याने मरेल," आयसी म्हणाली. दुसरी मोडली. तीही तशीच. "ह्याला सांगून सांगून माझी जीभ झिजली. मोडून बघ रे बाबा, मोडून बघ! पण ह्याला शोभा हवी!"

मांडवात कुजबुज सुरू झाली. लँगफोर्डचा चेहरा पडला, पण तितक्याच झटपट तो सावरला. त्याने माइक ओढला.

"मंडळी, कंपनीचा यात दोष नाही. हा वाण आमचा नव्हेच. मूळ उत्पादक मिस आयसिल्डा पिनॉक, या इथे उभ्या आहेत. खोट त्यांच्या झाडातच आहे. साहेब, नोंद तशीच करा."

इतक्या वर्षांनी तिचं नाव भरसभेत घेतलं गेलं, ते असं. मर्डेलाने ठेवणीतली शिवी हासडली.

"माझं झाड आहे," ती म्हणाली. तिला माइक लागला नाही. "खोडही माझ्याच झाडाची. खोड सांभाळायची रीतही मीच शिकवली तुला, आणि तू ती यंत्रात घालून जाळलीस. शोभा तुझी आणि कुजका माल तेवढा माझा होय रे? लिहा साहेब, आयसिल्डा पिनॉक. घाबरू नका, लिहा."

अधिकाऱ्याने ब्रदर एनोककडे पाहिलं. त्यांनी मोडलेली कळी त्याच्यापुढे धरली. मग त्याने लिहिलं, आणि शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात 'तुकडी नापास' असंही लिहिलं. तो लिहून होईपर्यंत आयसी त्याच्या पेनाकडे बघत उभी होती.

लँगफोर्ड गाडीकडे निघून गेला. जाताना, उद्यापासून कामावर येऊ नका, एवढं मर्डेलाकरवी आयसीला कळवून गेला.

ब्रदर एनोक हलक्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, यात चांगल्या किती निघतील?"

"न मोडता कसं सांगू?"

"इथे आमच्यात कुणाला समजायचं नाही ते."

आयसीने खुर्ची ओढली, बाह्या सारल्या आणि पहिली बरणी मांडीत घेतली. मर्डेला न सांगता समोर येऊन बसली. वाजवायला आलेली मंडळी ढोल बांधून निघून गेली, मांडवाच्या कनाती उतरू लागल्या, आणि त्या दोघी एकेक कळी मोडून तिच्या आत बघत होत्या.