मागची काच, चार बोटे उघडी

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीची मागची काच आहे, आणि सर्वांत आधी मला हे सांगायचे आहे की मी बिघडले नव्हते. दोन महिने सगळ्यांनी मला नावे ठेवली. कोणी रबरी हातोडा मारला, कोणी चिकटपट्टी फासली. ते मी सोसले. पण माझ्या नावाखाली एका शहाण्या बाईला वेडी ठरवायची तयारी झाली, आणि ते मला अजून पचत नाही.

मी भट्टीत वितळलेल्या वाळूतून जन्मले, हे तर कुठल्याही काचेचे आहे. माझे काम मात्र निराळे होते. आमच्या गाडीला मागे फाळका आहे, म्हणजे ट्रकला असतो तसा खाली पडणारा दरवाजा. बटण दाबले की एक छोटी मोटर मला त्या फाळक्याच्या पोटात उतरवते. मी पुरती उतरल्याशिवाय फाळका उघडत नाही, अशी कारखान्याने घातलेली अटच आहे. पामर ट्वेटने गाडी घेतली तेव्हा अमेरिकेतल्या मोंटानाच्या त्या माळरानावर असली काच कोणाकडेच नव्हती. शेजारी मुद्दाम यायचे, बटण दाबायचे आणि मी खाली गेले की माना हलवायचे. तेव्हा मला सगळे 'काय काच आहे' म्हणायचे, हे लक्षात असू द्या.

त्या भागातली एक चाल आहे. शरद ऋतूत दर शुक्रवारी शाळेच्या मैदानावर फुटबॉलचा सामना असतो, आणि घराघरांतल्या गाड्या मैदानाकडे पाठ करून उभ्या राहतात. काच खाली, फाळका आडवा, आणि त्यावर सगळे ओळीने बसून मांडीवर ताटल्या घेऊन जेवणार. पामर, त्याचा भाऊ, दोघे शेजारी. चौघेही गोमांसावर पोसलेले. फाळक्याच्या पोटात कोण? मी. तीस-बत्तीस शरद ऋतू ही मंडळी माझ्या डोक्यावर बसली आणि पाय हलवत राहिली. फाळक्याच्या कोपऱ्यातून एक रबरी नळी गाडीत जाते आणि तिच्यातून माझ्या मोटरच्या वायरी येतात. प्रत्येक बैठकीला ती नळी चेमटत होती, पण तिकडे कोण बघतो?

पामर गेला. त्याची बायको आर्डिस, वय चौऱ्याहत्तर, वासरे आणि कुंपण सांभाळत रानातल्या घरी एकटी राहू लागली. रविवारी आणि कोणाच्या अंत्यविधीला ती तीस मैलांवरच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. तिला न्यायचे काम आमच्या गाडीचे. तिथे गाडी नसेल तर माणूस घरात कोंडल्यासारखाच.

ऑक्टोबरात एके दिवशी मी वर जाता जाता थांबले. वरून चार बोटे फट राहिली. बटण दाबले तर वर नाही की खाली नाही. मोटर ठणठणीत होती, मीही ठणठणीत होते. वीजच येत नव्हती त्याला आम्ही काय करणार?

आर्डिसचा जावई रॉइस शहरातून आला. ह्या गृहस्थाला सगळे येते, फक्त तपासायला येत नाही. त्याने पुढचे बटण बदलले. मग हातोडा काढला. मग दोन्ही तळव्यांनी मला वर ओढले, आणि शेवटी फटीवर प्लास्टिक चिकटवून हात झटकले.

"मोटर जळली आहे," तो म्हणाला. "खरं सांगू का आई, गाडीचंही वय झालंय आणि..."

"आणि?" आर्डिसने विचारले.

"आणि काही नाही."

"जावईबापू, वाक्य सुरू केलं की पुरं करावं."

रॉइसने चिकटपट्टी खिशात घातली आणि गाडीत जाऊन बसला. त्याचे प्लास्टिक तिसऱ्या दिवशी वाऱ्याने उडाले.

आता नीट ऐका. धावत्या गाडीच्या मागे हवेचा भोवरा होतो. बाकीच्या काचा घट्ट बंद असतील आणि मागची तेवढी उघडी असेल, तर सायलेन्सरचा विषारी धूर त्या फटीतून आत ओढला जातो. गाडीच्या कागदपत्रांत हे स्पष्ट छापले आहे, पण ते पुस्तक कप्प्यात जन्मभर मिटलेलेच राहिले. थंडीमुळे आर्डिस हीटर लावून, दारे बंद करून तीस मैल जायची, आणि सगळा धूर माझ्या डोळ्यांदेखत आत शिरायचा. ट्रॅक्टरच्या मागे चाळीस वर्षे काढलेल्या तिच्या नाकाला त्या वासाचे काहीच वाटले नाही. काचेला तोंड नसते, मित्रांनो. नाहीतर मी गाव गोळा केले असते.

चर्चला पोहोचेपर्यंत तिचे डोके ठणकू लागायचे. एका अंत्यविधीत तिने एकच कडवे पाच वेळा वाजवले. लोक उभे राहून गात राहिले आणि एकमेकांकडे बघत राहिले. पुढच्या रविवारी परतीच्या वाटेवर तिला झापड आली आणि गाडी हळूच रस्त्याकडेच्या चारीत उतरली. तिला खरचटलेही नाही. पण मुलगी लोर्ना धावत आली. शेजाऱ्याने ट्रॅक्टरने गाडी बाहेर काढली, रॉइसने आर्डिसला आपल्या गाडीतून घरी नेले आणि लोर्ना आमची गाडी चालवत मागून आली. अंगणात पोहोचल्यावर तिने किल्ली काढली आणि सरळ पर्समध्ये टाकली.

तुम्हाला त्यात काही वाटणार नाही. पण त्या माळरानावर गाडीची किल्ली गाडीतच असते. ती कोणी काढत नाही. पर्समध्ये गेलेली ती किल्ली आर्डिसला थोबाडीत मारल्यासारखी लागली.

"शनिवारी तुला शहरातली खोली दाखवायला नेते," लोर्ना म्हणाली. "लिफ्ट आहे, नर्स आहे. वासरांचं रॉइस बघेल."

"वासरांनी काय पाप केलं?"

"आई, हसण्यावारी नेऊ नकोस. गाडी चालवणार नाहीस, शब्द दे."

आर्डिसने शब्द दिला.

पुढचे चार दिवस ती घरीच होती. वासरांना चारा घातला, वर्तमानपत्रातले शब्दकोडे पुरे सोडवले, चाळीस वर्षांपूर्वीच्या शेजाऱ्यांची नावे स्वतःशी म्हणून पाहिली. डोके एकदाही दुखले नाही. गुरुवारी सकाळी ती अंगणात आली, गाडीभोवती फिरली आणि फटीपाशी थांबली. माझ्या खालचा पत्रा काजळीने काळा झाला होता. तिने त्यावर बोट फिरवले, बोटाकडे पाहिले आणि घरात जाऊन कॅलेंडरमागे टांगलेली पामरची किल्ली आणली.

"चालवणार नाही म्हटलं होतं," ती मला म्हणाली. "उघडणार नाही असं म्हटलं नव्हतं."

मित्रांनो, आर्डिसला मोटारींतले फारसे कळत नाही, पण विजेचे कुंपण कळते. कुंपण बंद पडले की तिकडची माणसे यंत्र बदलत नाहीत. एका टोकापासून तारेच्या कडेने चालत जातात, वीज कुठवर येते ते बघतात, आणि जिथे थांबते तिथे खाली वाकतात. तिने तेच केले. वायर लावलेला छोटा तपासणीचा दिवा घेतला. फ्यूजपाशी दिवा लागला. पुढच्या बटणापाशी लागला. मग ती दुखऱ्या गुडघ्यांनी सीटवरून मागे रांगत आली आणि कडेचे झाकण काढून तिथे पाहिले. लागला. फाळक्याचे आतले झाकण काढून माझ्या मोटरपाशी दिवा धरला.

नाही लागला.

"म्हणजे इथून तिथवर," ती म्हणाली. इतके महिने कोणीतरी हे वाक्य उच्चारावे म्हणून मी लटकून राहिले होते.

तिने घरातल्या जुन्या टेबल-दिव्याची वायर कापून आणली आणि कडेपासून माझ्या मोटरपर्यंत बाहेरून जोडली. मग काठीने पुढचे बटण दाबले, आणि मी सरसर खाली गेले. फाळका उघडला. तिने रबरी नळी चिरली. आत तीन वायरी तुटलेल्या होत्या आणि तांबे हिरवे पडले होते. तिने सडके तुकडे कापून काढले, वायरी जोडल्या, पट्टी गुंडाळली, फाळका लावला, मला पूर्ण वर चढवले आणि ते तुकडे मुठीत आवळून घराकडे निघाली. मला वाटते तिला राग आला होता, आणि तो राग मला पुरेपूर समजला.

शनिवारी लोर्ना आणि रॉइस आले. आर्डिसने त्यांना आधी काजळी दाखवली, मग तुटक्या तारांचे तुकडे त्यांच्या हातावर ठेवले. रॉइस ते उलटसुलट करून बघत राहिला.

"ही वायर मी बघणारच होतो," तो म्हणाला.

"हो, हातोडा मारून झाल्यावर," आर्डिस म्हणाली.

लोर्ना मात्र हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"त्या दिवशी चारीतून गाडी मीच आणली," ती हळू आवाजात म्हणाली. "बारा मैल. वाटेत थांबून ओकले. डोकं फुटत होतं. मला वाटलं, तुझ्या काळजीनं झालं असेल."

आर्डिसने तारांचे तुकडे परत घेतले.

"तुझं डोकं दुखलं तर काळजी," ती म्हणाली, "आणि माझं दुखलं तर म्हातारपण."

मग लोर्नाने आईच्या खांद्यावर डोके टेकवले आणि ती रडली. आर्डिसने तिला थोपटले, पण आपले शब्द मागे घेतले नाहीत.

खोली बघायला त्या दिवशी कोणी गेले नाही.

मित्रांनो, माझा राग अजून उतरलेला नाही, तो उतरावा असेही मला वाटत नाही. तुमच्या घरी एखादे जुने यंत्र अडेल, एखादे जुने माणूस चुकेल. तेव्हा 'आता वय झाले' हे म्हणायला फार सोपे असते, कारण ते म्हटले की वाकून बघावे लागत नाही. कृपा करून आधी वाका.