दोरीएवढा उशीर

मित्रांनो, मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. एके काळी रुपेरी होतो, आता कडेकडेने काळपट झालो आहे. माझ्या बॅटऱ्यांच्या झाकणाची खिट्टी तुटली आहे, म्हणून ते रबरबँडने बांधलेले असते. टोबॅगो बेटावरच्या एका घरात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझा मुक्काम आहे. सोबतीला शिवणाची कात्री आणि दोन जुने चष्मे आहेत. तक्रार काही नाही. उलट मला आभारच मानायचे आहेत, आणि ते एकदा सविस्तर मानावेत म्हणून तोंड उघडले आहे.

माझा जन्म कारखान्यातला. एकाच पट्ट्यावरून आम्ही हजारो भावंडे एकामागोमाग बाहेर पडलो. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने मला उचलले, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो काढला, मान हलवली आणि मला खोक्यात ठेवले. पण मी एक खोड घेऊनच जन्मलो होतो. बटण दाबले की मी लगेच फोटो काढत नसे. आधी डोळा बारीक करायचा, अंतर किती, उजेड किती याचा अंदाज घ्यायचा आणि मग टिपायचे. त्यात अर्धा सेकंद जाई. त्या काळचे आम्ही स्वस्तातले सगळेच असे होतो. केकपुढे आणि नवरा-नवरीपुढे हा अर्धा सेकंद कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या नशिबी मात्र धावणाऱ्यांचे गाव लिहिलेले होते.

टोरांटोला राहणाऱ्या जोसलिनने मला घेतले आणि गावाकडच्या बहिणीसाठी, व्हर्लिनसाठी, पिंपात भरले. परदेशी गेलेली माणसे वर्षभर थोडे थोडे सामान साठवतात आणि नाताळच्या आधी असे पिंप बोटीने घरी धाडतात. खाली तांदूळ, वर साबणाच्या वड्या, त्यावर कपडे आणि मधोमध टॉवेलात गुंडाळलेला मी. सहा आठवडे मी त्या अंधारात डुलत होतो. पिंपाचे झाकण उघडले तेव्हा पहिला आवाज आला तो ओझविनचा.

"कॅमेरा? आणि माझे बूट कुठायत?"

"तू जन्मभर अनवाणी धावलास," त्याची बायको व्हर्लिन म्हणाली, "आता बूट घालून कुणाच्या लग्नाला जाणारेस?"

मला टॉवेलातून सोडवणारे हात व्हर्लिनचे होते. वय एकोणपन्नास. शाळेसमोरच्या रस्त्यावर पिवळे जाकीट घालून उभे राहायचे, हातातली 'थांबा' लिहिलेली गोल पाटी उंच करायची आणि मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा, हे तिचे काम. भरधाव येणारी गाडी किती वेळात कुठे पोचेल, हे तिला न बघता कळे. सतरा वर्षांत तिच्या रस्त्यावर एका मुलाचे ढोपरसुद्धा फुटले नव्हते.

ओझविन मच्छीमार होता, पण गावात त्याची ओळख जॉकी म्हणून. आमच्याकडे ईस्टरनंतरच्या मंगळवारी बोकडांच्या शर्यती असतात. बोकडावर कुणी बसत नाही. बोकड पुढे उधळतो, जॉकी त्याच्या गळ्यातली दोरी धरून मागे अनवाणी धावतो. दोरी सुटली की तो बाद. ओझविन बावीस वर्षे असा धावत होता आणि त्याने सात वेळा पहिला नंबर काढला होता. पण फोटो निघतो तो बोकडाचा आणि त्याच्या मालकाचा. जॉकी कडेला उभा राहून बोकडाला आवरत असतो आणि छापताना कापला जातो. व्हर्लिनच्या स्वयंपाकघरात वर्तमानपत्राचे एक पिवळे पडलेले कात्रण टांगलेले होते. त्यात बोकड होता, चषक होता, हसणारा मालक होता आणि शिंगाच्या मागे एक कोपर होते.

"ते कोपर माझं," ओझविन आल्यागेल्याला सांगायचा. सगळे हसायचे, तोही हसायचा. व्हर्लिनला मात्र ते कधीच हसण्यासारखे वाटले नाही.

त्या वर्षी त्याचा उजवा गुडघा सुजू लागला होता. डॉक्टरांनी सांगितले की या ईस्टरला धाव हवे तर, पण त्यानंतर धावलास तर काठी घेऊन फिरशील. त्या दिवशी व्हर्लिनने मला हातात घेतले आणि ठरवले की एकदा तरी या माणसाचा धावतानाचा फोटो काढायचा. हातात चार महिने होते, आणि तिने जन्मात कधी कॅमेरा धरला नव्हता.

मित्रांनो, पहिले दोन महिने आमची पार फजिती झाली. ओझविन रोज सकाळी हेडमास्टरला समुद्रात पोहायला न्यायचा आणि मग वाळूवर पळवायचा. हेडमास्टर हे त्या वर्षीच्या बोकडाचे नाव. दाढी आणि बघण्याची पद्धत यांमुळे ते पडले होते. व्हर्लिन वाळूत उकिडवी बसे. ओझविन समोर आला की बटण दाबे. मी डोळा बारीक करी, अंदाज घेई, टिपी, आणि तोवर ओझविन निघून गेलेला असे. माझ्या पोटात टाचा साठत गेल्या. कधी टाच, कधी उडालेली वाळू, कधी नुसताच समुद्र. मला फार लाज वाटे.

मग ती त्याच्याबरोबर मला वळवू लागली. पण तिथे तिची मान आड आली. या गावातले माणूस रांगायला लागते तेव्हापासून शर्यतीत बोकडाकडे बघते. बोकड जाईल तशी मान जाते, आणि मानेबरोबर हात. व्हर्लिन ठरवून ओझविनवर मला रोखायची आणि शेवटी फोटो निघायचा हेडमास्टरचा, तोही पुसट.

शेजारची टँटी मर्ल माझ्या पाठीवरच्या छोट्या पडद्यात डोळे बारीक करून बघायची. टँटी म्हणजे आमच्याकडची मावशी, साऱ्या गावाची.

"हे काय गं? ढग का?"

"हेडमास्टर आहे, टँटी."

"मला वाटलं भांडी घासायचा काथ्या. आणि ही टाच कुणाची?"

"ओझविनची."

"चला, कोपर झालं, टाच झाली. अजून वीस वर्षांत नवरा पुरा होईल तुझा."

मार्चमध्ये सरावाच्या शर्यतीला शहरातून वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला. त्याच्या कॅमेऱ्याचे भिंग व्हर्लिनच्या हाताएवढे लांब होते. व्हर्लिनने त्याला विचारले की माझा फोटो दरवेळी उशिरा का येतो. त्याने मला हातात घेऊन एकदा बटण दाबून पाहिले. माणूस वाईट नव्हता.

"बाई, हा कॅमेरा चांगला आहे, पण पळणाऱ्यासाठी नाही. घरातले फोटो काढा. बसलेल्या माणसाचे."

"माझा माणूस बसला की मला फोटोची गरजच उरणार नाही," व्हर्लिन म्हणाली.

त्या संध्याकाळी ओझविन गुडघ्यावर गरम मिठाची पुरचुंडी धरून बसला होता. तो म्हणाला, "अगं, सोड ना. कोपर काही वाईट नाहीये माझं."

मी टेबलावर पडून होतो आणि मला पक्के वाटले की आता ती मला परत टॉवेलात गुंडाळणार. दुसरी कुणी असती तर तिने तेच केले असते. तिने माझ्या बॅटऱ्या बदलल्या आणि दुसऱ्या दिवशी मला जाकिटाच्या खिशात घालून कामावर नेले.

त्या सकाळी बालवाडीची मुले रस्ता ओलांडत होती. सगळ्यात लहान मुलांना एक लांब दोरी धरायला देतात. पुढे बाई, मागे दोरी धरलेली बारा मुले. व्हर्लिनचा एक हात पाटीसह वर होता, म्हणजे तिला जागचे हलता येईना. तिने दुसऱ्या हाताने मला सरळ धरले आणि बाई समोर आल्या तसे बटण दाबले. मी नेहमीप्रमाणे उशीर केला. मुले पलीकडे गेल्यावर तिने पडद्यात पाहिले. त्यात बाई नव्हत्या. दोरीच्या पहिल्या गाठीला धरून चाललेली एक चिमुरडी होती. बुटाची नाडी सुटलेली, जीभ बाहेर, चेहरा अगदी स्पष्ट.

व्हर्लिन रस्त्याच्या मधोमध तशीच उभी राहिली. दोन्हीकडच्या गाड्या खोळंबल्या आणि एका ड्रायव्हरने खिडकीतून डोके काढले.

"मिस व्हर्लिन, आज सुट्टी आहे का आम्हाला?"

तिला ऐकूच गेले नाही. तिच्या ध्यानात आले होते ते मला स्वतःलाही कधी उमगले नव्हते. मी नेहमी उशीर करतो, पण दरवेळी तेवढाच. आणि शर्यतीत बोकडानंतर तेवढ्याच उशिराने दोरीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस येतो. माझा उशीर बरोबर दोरीएवढा होता. फक्त तिने मला हलवता कामा नये, आणि बोकडाची शिंगे समोर आली की दाबायचे, मग काही झाले तरी मान वळवायची नाही.

ऐकायला सोपे वाटते. पण पुढचे तीन आठवडे तिची मान तिचे ऐकेना. ती किनाऱ्यावर एका खुंट्यापुढे बसे, ओझविन हेडमास्टरला पळवी, आणि शिंगे खुंट्यापाशी आली की व्हर्लिनची मान आपोआप फिरे. शेवटी टँटी मर्ल तिच्या मागे बसू लागली. ती दोन्ही हातांनी व्हर्लिनचे डोके घट्ट धरून ठेवी.

"हलू नकोस. काशीफळ धरल्यासारखं वाटतंय मला."

शर्यतीच्या दिवशी धावपट्टीच्या कठड्याला माणसे दाटली होती. शेवटच्या रेषेजवळ सगळ्यांची रेटारेटी. व्हर्लिन तिकडे गेलीच नाही. ती अलीकडे, निम्म्या अंतरावर, कठड्याच्या एका पांढऱ्या खांबापाशी उभी राहिली. जायच्या आधी ओझविनने तिच्या हातातल्या माझ्याकडे पाहिले. गुडघ्याला त्याने घट्ट पट्टी बांधली होती.

"आज टाच धुऊन आलोय," तो म्हणाला. "चांगली येऊ दे."

शिट्टी झाली. "हेडमास्टर, हेडमास्टर" असा गलका उठला आणि पाचशे माना एकदम वळू लागल्या. मला तिच्या बोटातली नाडी जाणवत होती. शिंगे खांबापाशी आली आणि तिने दाबले. मी डोळा बारीक केला, अंतर पाहिले, उजेड पाहिला. मित्रांनो, त्या अर्ध्या सेकंदात मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरलो, कारण पुन्हा अशी शर्यत होणार नव्हती. शेजारचा माणूस तिच्या कानात ओरडत होता, पुढे काहीतरी घडले होते, गर्दी किंचाळत होती. व्हर्लिनची मान हलली नाही. तिचे हात हलले नाहीत. मी टिपले.

गलका थांबल्यावर तिने शेजारच्याला विचारले, "कितवा आला?"

"तुझा नवरा पळत होता आणि मला विचारतेस?"

हेडमास्टर दुसरा आला होता, अवघ्या नाकभर अंतराने. पहिल्या आलेल्या बोकडाच्या मालकाबरोबर फोटो चालले होते. ओझविन लंगडत कठड्यापाशी आला आणि वाकून उभा राहिला. धाप ओसरेपर्यंत ती थांबली. मग तिने माझी पाठ त्याच्याकडे केली. टँटी मर्लनेही मधे डोके घातले.

"बोकड कुठाय?" टँटीने विचारले.

बोकड नव्हताच. एक ताठ दोरी चित्राच्या बाहेर गेलेली होती आणि तिचे दुसरे टोक ओझविनच्या मुठीत होते. छाती पुढे, तोंड उघडे, गुडघ्याची पट्टी सुटून मागे उडालेली. आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीच्या वर होते.

ओझविन कायम काहीतरी चेष्टा करणारा माणूस. या वेळी तो पडद्यावर आणखी वाकला. मग त्याने ओल्या बोटाने माझ्या पडद्याला हात लावला.

"बावीस वर्षं मला वाटायचं, बोकड मला फरफटत नेतो," तो म्हणाला. "मी धावतो की गं."

व्हर्लिन रडली. तिने माझ्यावर पडलेले थेंब लगेच झग्याला पुसले, कारण खारे पाणी मला चालत नाही हे तिला ठाऊक होते.

त्यानंतर ओझविन धावला नाही. पण व्हर्लिन थांबली नाही. पुढची नऊ वर्षे त्या पांढऱ्या खांबापाशी तिने गावातल्या प्रत्येक जॉकीचा फोटो काढला, आणि तो प्रत्येकाच्या घरच्या भिंतीवर आहे. नंतर तिच्याकडे नवा कॅमेरा आला. तो दाबल्या क्षणी टिपतो. माझी झाकणाची खिट्टी गेली आणि मी या डब्यात आलो. तरी दर महिन्याला ती मला बाहेर काढते, बॅटऱ्या काढून ठेवल्या आहेत ना ते बघते आणि मऊ फडक्याने पुसते. तिचा नवा कॅमेरा फार हुशार आहे, पण त्याला अजून कुणी असे पुसलेले मी पाहिले नाही.

तुमच्याही घरात माझ्यासारखा कुणी कपाटात पडलेला असेल. त्याच्या पोटातल्या बॅटऱ्या आधी काढा, त्या गळल्या की आम्ही आतून सडतो. आणि कुणी उशीर करत असेल तर त्याला लगेच टाकून देऊ नका. तो किती उशीर करतो, ते थोडे थांबून बघा. मी जन्मभर तेवढाच उशीर केला आणि एका बाईने तो मोजून घेतला, म्हणून आज स्वयंपाकघरात त्या कोपराच्या कात्रणाशेजारी एक पुरा माणूस टांगलेला आहे. आता कुणी आले की ओझविन वयाने हाती आलेली काठी टेकत त्याच्याजवळ जातो. कोपराकडे तो बोटही दाखवत नाही.

"पाय बघा," तो म्हणतो. "दोन्ही वर आहेत."